साळवीबाईंची मशिनं

मंडळाच्या अंकासाठी बायकोवर काहीतरी लिहा, असं मला दोघातिघांनी सांगितलं. मी बसलो लिहायला. बायकोवर मला लिहिता येत नाही. लिहायला गेलं की "ती चांगली होती" एवढंच कागदावर येतं, आणि ते तर सगळेच आपापल्या मेलेल्या बायकोबद्दल म्हणतात. म्हणून साळवीबाईंवर लिहितो. त्यांच्याबद्दल "चांगल्या आहेत" असं कोणी पटकन म्हणत नसे, त्यामुळे लिहायला जागा आहे.

मी सातवी शिकलेलो आहे. दिल्लीत सरकारी गाडी चालवली. साहेबलोक लक्ष्मीबाई नगरात राहायचे, आम्ही त्यांच्या मागच्या खोलीत. रिटायर झाल्यावर गाझियाबादला दोन खोल्या घेतल्या. शुद्धलेखन मंडळवाले बघून घेतील.

डॉक्टर रूथ साळवी आपल्या नगर जिल्ह्याच्या. डोळ्यांच्या डॉक्टर. गाझियाबादला त्यांचं क्लिनिक होतं, पहिल्या मजल्यावर, रजयांच्या दुकानाच्या वर. थंडी सुरू झाली की खाली कापूस पिंजायचे आणि तो जिन्यानं वर यायचा. म्हणून बाईंच्या सगळ्या मशिनांवर जुन्या चादरी असायच्या. सकाळी चादरी काढायच्या, संध्याकाळी घालायच्या. नवीन माणसाला वाटायचं इथं कोणी झोपलंय.

बाई ठेंगण्या, केस बारीक कापलेले, पायात बूट. डबा उभ्यानं खायच्या. नाताळला पेशंटांना केक द्यायच्या, पण शुगरवाल्यांना केक नाही, संत्रं. आमच्या सिंधूला, म्हणजे बायकोला, दरवर्षी संत्रंच मिळालं. ती म्हणायची, "डॉक्टरबाई, वर्षातून एकदा तुमच्या देवाचा वाढदिवस." बाई म्हणायच्या, "देवाला डायबिटीस नव्हता."

चाळीस वर्षं इकडे काढली तरी बाईंचं हिंदी कामापुरतंच होतं. चिडल्या की तेही जायचं. पेशंट मशीनसमोर बसला की त्या म्हणायच्या, "हलू नका." सरदारजी असो, बिहारी असो, जाट असो, "हलू नका." सगळ्यांना कळायचं. गाझियाबादच्या त्या गल्लीत कितीतरी म्हाताऱ्यांना मराठी म्हणून तेवढंच येतं. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या एका चौधरीला दुसरा चौधरी "हलू नका" म्हणताना मी ऐकलंय.

आम्ही बाईंकडे गेलो ते सिंधूच्या शुगरमुळे. सिंधूला मरणाची भीती नव्हती, आंधळं होण्याची होती. तिची आई शेवटची वर्षं भिंती चाचपत फिरली आणि तशीच गेली. सिंधूनं बाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाकी काय व्हायचं ते होऊ दे. डोळे राहिले पाहिजेत." बाईंनी ऐकून घेतलं. "राहतील" म्हणाल्या नाहीत. "हनुवटी इथं ठेवा" म्हणाल्या.

सिंधूचे डोळे मशीनसाठी फार वाईट. बाहुली बारीक, थेंब घातले तरी उघडायची नाही. पापण्या खाली येणाऱ्या. आणि ती बोलायची. हनुवटी मशीनवर आणि तोंड चालू. तिथे हनुवटी हलली की आतला फोटो पुसट येतो. बाईंनी त्या दिवशी खूप वेळ खटपट केली. मग मागे टेकून म्हणाल्या, "सिंधूताई, मला नवीन कॅमेरा घ्यायचाय. कंपनीवाले येतील तेव्हा तुम्ही या."

"मी कशाला?"

"जे मशीन तुम्हाला जमेल, ते सगळ्या गाझियाबादला जमेल."

आमच्या सिंधूला आयुष्यात कोणी कुठल्या कामाला मुद्दाम बोलावलं नव्हतं. त्या दिवशी ती चांगली साडी नेसून गेली.

मशीन विकणारे लोक कसे असतात हे मी बाकावर बसून बघितलंय. टाय लावलेले, एवढाल्या गुळगुळीत पुस्तिका घेऊन. पुस्तिकेवर एक मोठा डोळा, आतला पडदा नारिंगी, शिरा स्वच्छ, चित्र काढल्यासारखा. बाई पुस्तिका बघायच्या आणि विचारायच्या, "इसको क्या हुआ है?"

"कुछ नहीं मॅडम, नॉर्मल आई है. सॅम्पल है."

"तो ये मेरे पास क्यों आएगा?" आणि पुस्तिका पालथी घालायच्या.

दुसरा प्रश्न ठरलेला. "बिगड़ गया तो जो आदमी आएगा, वो कहाँ रहता है?"

एकदा एक जण म्हणाला, "मॅडम, हमारी टेक्निकल टीम बंगळूर में है."

"फिर मशीन भी उधरच रखो," बाई म्हणाल्या. तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्याला जिना उतरून जावं लागलं. नंतरच्याला कोणीतरी खाली शिकवून पाठवलं असणार, कारण तो बसायच्या आधीच म्हणाला, "इंजीनियर नोएडा में रहता है, मॅडम, शादीशुदा है, कहीं नहीं जाएगा."

तिसरी गोष्ट म्हणजे आठवडा. मशीन आठवडाभर क्लिनिकमध्ये ठेवायचं, तरच बोलणं पुढे. एका दुपारचा डेमो बाई डेमो मानत नसत. "एका दुपारी सगळेच चांगले वागतात," म्हणायच्या. त्या आठवड्यात पहिल्या दिवशी स्वतः पेशंटच्या स्टुलावर बसायच्या. पोक काढून बसायच्या, मान आखडून बसायच्या, खोटं खोटं खोकायच्या. टायवाला बघत राहायचा. आणि दुसऱ्या दिवशी सिंधू.

"माताजी, बोलिए मत," टायवाला म्हणायचा.

"मी कुठे बोलते? तुम्हीच विचारताय," सिंधू मराठीत म्हणायची, आणि फोटो पुसट.

अशी तीन मशिनं परत गेली. चौथं टिकलं. ते बाईंनी घेतलं आणि ते खरोखर चांगलं निघालं. सिंधू महिनाभर कॉलनीत सांगत होती की कॅमेरा मी पास केला.

बाईंचं एक बोलणं होतं. पेशंट विचारायचा, "फोटो कैसा है?" बाई म्हणायच्या, "एक फोटो म्हणजे काही नाही. दोन फोटो म्हणजे माहिती." मग मागच्या वेळचा फोटो काढायच्या, आजच्याच्या शेजारी ठेवायच्या, आणि जेवण निवत असलं तरी बघत बसायच्या. शेवटी म्हणायच्या, "कालच्यासारखं आहे." याच्यापेक्षा चांगली बातमी त्यांच्याकडे नव्हती. पेशंट कितीही आशेनं बघत असला तरी "छान आहे", "सुधारतंय" हे शब्द त्यांच्या तोंडातून येत नसत. सिंधूला सुरुवातीला राग यायचा. नंतर ती जिना उतरताना मला सांगायची, "कालच्यासारखं आहे म्हणाल्या," आणि आम्ही कोपऱ्यावर बिनसाखरेचा चहा घ्यायचो.

आता बाईंची चूक सांगतो. बाई स्वतःच ती सगळ्यांना सांगायच्या, म्हणून मी सांगितली तर चालेल.

पाचसहा वर्षांनी बाईंनी ओसीटी घ्यायचं ठरवलं. ओसीटी म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा काप दाखवणारं मशीन. खरं कापत नाही, उजेडानं बघतं. पाव सुरीनं कापला की आतले थर दिसतात, तसे पडद्याचे थर दिसतात. शुगरवाल्यांच्या पडद्यात पाणी साचायला लागतं ते यात आधी कळतं. बाईंना ते सिंधूसारख्यांसाठी हवं होतं. दोन कंपन्या आल्या. एकाचं मशीन हळू आणि दणकट. दुसऱ्याचं नवीन, देखणं, भरभर. आठवडा झाला. नेहमीप्रमाणे सिंधू बसली. देखण्या मशीनवर तिचा काप पहिल्याच झटक्यात आला. स्वच्छ. टायवाल्यानं टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "हेच."

सोमवारी मशीन लागलं. पहिला पेशंट चौधरी, दूधवाला, डोक्याला मफलर, वर टोपी, वर शाल. त्याची हनुवटी शोधण्यातच वेळ गेला. मग म्हणे हिरव्या खुणेकडे बघा. तो बाईंकडे बघायला लागला. काप नाही आला. दुसरी एक म्हातारी, तिची मान डुगडुगायची. नाही आला. त्या आठवड्यात कोणाचाच धड आला नाही. ज्यांचा आला ती कॉलेजची मुलं, त्यांना काही झालंच नव्हतं.

शनिवारी बाई स्टुलावर बसून त्या मशीनकडे बघत होत्या. आम्ही दोघं सिंधूच्या थेंबांसाठी आलो होतो. बाई म्हणाल्या, "मोरे, माझ्या लक्षात आलंय. आपण मशीन तपासलंच नाही. सिंधूताईंना तपासलं."

खरं होतं. इतक्या वर्षांत सिंधू इतक्या मशिनांवर बसली होती की तिला बसायला येऊ लागलं होतं. हनुवटी बरोबर टेकवायची, कपाळ पट्टीला लावायची, श्वास धरायचा, खुणेकडे बघायचं. बोलायचीसुद्धा नाही. साऱ्या गाझियाबादमध्ये तिच्याइतका चांगला पेशंट नव्हता. आणि तिच्यावरून आम्ही म्हाताऱ्यांसाठी मशीन घेतलं होतं.

सिंधू भडकली. "म्हणजे मी नीट बसले हा माझा गुन्हा?"

"गुन्हा माझा," बाई म्हणाल्या. "तुम्ही शिकलात, मी नाही."

"मग पुन्हा हलू का?"

"आता हलून काय उपयोग?"

कंपनी परत घेईना. फोनवर म्हणाले, मॅडम, आपने ही तो पास किया. बाईंचं हिंदी तेव्हा पूर्ण गेलं.

तेवढ्यात चौधरी पुन्हा आला, दुसऱ्यांदा प्रयत्न करायला. पुन्हा तेच, मान इकडे, डोळा तिकडे. मला राहवेना. आयुष्यभर गाडी चालवलेला माणूस, खोळंबा बघवत नाही. मी उठलो, मागून त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि पट्टीला दाबलं. म्हणालो, "चौधरी, हिलना मत. सामने हरी बत्ती है, बस उसी को देख." काप आला.

बाईंनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मोरे, सोमवारी नऊला या."

अशी मला नोकरी लागली. काम डोकं धरायचं. मी बरीच वर्षं गाझियाबादची डोकी धरली. पगार होता, तो सिंधूच्या औषधात जायचा. त्यानंतर बाईंनी नियम बदलला. नवीन मशीनवर जो कधी मशीनवर बसलेला नाही तोच बसवायचा. खालून रजईवाला, भाजीवाली, वीजबिलवाला, जो सापडेल तो. सिंधूला तिच्या हुद्द्यावरून काढलं हे तिला लागलं. मग बाईंनी तिला नवीन कामाला लावलं. नवीन माणसाला कसं बसायचं ते सिंधू समजावायची. "डोळा उघडा ठेव, बेटा. आत काही चावत नाही."

पुढची गोष्ट सिंधूच्या डोळ्याचीच. एका पावसाळ्यात ती म्हणाली, "अहो, खिडकीचे गज वाकडे दिसतायत." मी म्हणालो, गज वाकडेच आहेत. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. काप काढला. मशीन कापाच्या खाली रंग दाखवतं. हिरवा म्हणजे बरोबर, लाल म्हणजे गडबड. सगळं हिरवं आलं. मला हायसं वाटलं. मी म्हणालो, "हिरवं आहे की."

बाई उठल्या. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर चालू केला. देखण्या मशीननंतर बाईंनी त्या दणकट मशीनवाल्या कंपनीकडून एक वापरलेलं मशीन घेतलं होतं, आणि ते थकल्यावर आताचं नवीन. आधीच्या मशिनांतले सगळे फोटो त्या जुन्या कॉम्प्युटरवर होते, आणि ते नवीन मशीनमध्ये उघडत नसत. कंपन्यांचं आपापसात पटत नाही. त्यासाठी बाईंनी तो डबा जिवंत ठेवला होता. चालू व्हायला एवढा वेळ घ्यायचा की चहा पिऊन व्हायचा. डब्यावर सिंधूचा जुना काप काढला, मशीनवर आजचा ठेवला. बराच वेळ दोन्हीकडे बघितलं.

"मोरे, हिरवं आहे ते मशीनच्या हिशेबानं. चारचौघांच्या पडद्याशी मोजलं तर बरोबर आहे. पण सिंधूताईंचा पडदा मुळात चारचौघांपेक्षा पातळ होता. तो आता चारचौघांएवढा झालाय. म्हणजे सुजलाय."

सिंधू स्टुलावर होती. तिनं विचारलं, "आईसारखं?"

"आईचा जुना फोटो कोणाकडे नव्हता," बाई म्हणाल्या. "तुमचा आहे."

त्याच आठवड्यात डोळ्यात पहिलं इंजेक्शन दिलं. मग अजून दिली. सिंधू माझा हात इतका दाबायची की माझी बोटं पांढरी पडायची. हळूहळू गज सरळ झाले. म्हणजे जेवढे मुळात सरळ होते तेवढे. बाईंनी दोन काप शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "कालच्यासारखं आहे." सिंधू रडली. बाई म्हणाल्या, "डोळे चोळू नका."

सिंधूचे डोळे शेवटपर्यंत राहिले. बाकीचं गेलं. आधी पाय, मग किडन्या. दवाखान्यात पलंगावरून ती समोरच्या नर्सच्या छातीवरचं नाव वाचायची आणि मला सांगायची, "ही केरळची आहे." माझ्या शर्टाचं खालचं बटण तुटलेलं तिला तिथून दिसलं. बाई एकदा आल्या. खुर्ची होती, बसल्या नाहीत. खिशातून छोटी बॅटरी काढून तिच्या दोन्ही डोळ्यांत बघितलं, सवयीनं. सिंधूनं विचारलं, "काय म्हणतायत?"

"कालच्यासारखं आहे," बाई म्हणाल्या.

सिंधूला बरं वाटलं. मलाही वाटलं, तेवढ्यापुरतं. बाहेर आल्यावर बाई जिन्यात थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मी फक्त डोळ्यांचं बोलले, मोरे." मी म्हणालो, कळलं.

सिंधू गेली त्याला वर्ष झालं. मी कामावर जात राहिलो. घरी बसून काय करणार? डोकी तर धरायलाच हवीत.

यंदा बाईंनी क्लिनिक सोडायचं ठरवलं. नगरला भावाकडे जाणार, डोळ्यांवर त्यांचा स्वतःचाच मोतीबिंदू चढला होता. नेहा नावाच्या तरुण डॉक्टरनं क्लिनिक घेतलं. मुलगी चांगली आहे, पण तिला सगळं नवीन हवं. फोटो आणि काप एकाच मशीनमध्ये, जुना डबा भंगारात. बाई म्हणाल्या, डबा जाऊ दे, पण त्यातले फोटो नवीन मशीनमध्ये आल्याशिवाय मी जाणार नाही. कंपन्या नाही म्हणाल्या. मग नाही होत म्हणाल्या. मग अवघड आहे म्हणाल्या. त्या तिसऱ्या शब्दावर बाईंनी त्यांना धरलं. शेवटी एका कंपनीनं इंजिनियर पाठवला. नोएडात राहणारा.

तो डब्यासमोर बसला आणि म्हणाला, "मॅडम, बहुत सारी फाइलें हैं. जो पेशंट अब नहीं आएँगे, उनको छोड़ देते हैं. काम हल्का हो जाएगा."

"कौन नहीं आएगा?" बाईंनी विचारलं.

"मतलब... जो शिफ्ट हो गए. एक्सपायर हो गए."

मी चादर घडी करत होतो. घडी करत राहिलो. कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, ठीक आहे, सोडा. डोळ्याच्या आतल्या फोटोत माणूस ओळखू येत नाही. नारिंगी गोल असतो आणि शिरा. कोणाचाही असू शकतो.

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. इंजिनियरला म्हणाल्या, "सब लेके जाना है. एक भी नहीं छोड़ना." आणि मग, नेहाला समजावं म्हणून, "सिंधूताईंचे फोटो सगळ्यात जुने आहेत. नवीन मशीन जुने फोटो नीट दाखवतं का, हे तपासायला तेच लागतील. आधी तेच उघडा."

उघडले. नवीन पडद्यावर सिंधूचा डावा डोळा आला, पहिल्या कॅमेऱ्यातला. कडेला पुसट. बोलत होती.

"बरोबर आलाय," बाई म्हणाल्या. "आता मशीन बघू. कोणाला बसवायचं?"

नियम होता, कधी न बसलेला माणूस. रजईवाला बसून झालेला. भाजीवाली झालेली. नेहानं तर कॉलेजातच स्वतःचे काप किती वेळा काढले असतील. बाईंनी खोलीत नजर फिरवली.

"मोरे, तुम्ही कधी बसलात?"

मी आठवून बघितलं. इतकी वर्षं मी त्या स्टुलाच्या मागेच उभा होतो.

"नाही," मी म्हणालो.

"बसा."

मी बसलो. हनुवटी ठेवली, कपाळ पट्टीला लावलं. आत काळोख, मध्ये हिरवी खूण. कुठे बघायचं, कसं बसायचं, सगळं मला पाठ होतं, सिंधूच्या आवाजात पाठ होतं. बाई मागे आल्या. त्यांनी दोन्ही हातांनी माझं डोकं धरलं. हात गार होते आणि त्यांना संत्र्याचा वास होता. मला त्या दिसत नव्हत्या.

"हलू नका," म्हणाल्या.

मी हलत नव्हतो. इंजिनियरनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग म्हणाला, "सर, आँख में पानी आ रहा है. फोटो नहीं बनेगा."

माझ्या डोळ्यांना पाणी येतं. वयानं येतं, बाईंनीच सांगितलं होतं.

इंजिनियर हळूच म्हणाला, "मॅडम, किसी और को बैठा दें?"

बाईंनी हात काढले नाहीत.

"घाई नाही, मोरे," त्या म्हणाल्या. "मशीन आठवडाभर इथंच आहे."